सनरूफ: वर्षभरात खरंच किती वेळा उघडलंत?

चौथागिअर

मंडळी, गेल्या गुढीपाडव्याला गाडी घेतली. कोणती ते सांगत नाही, नाहीतर दुसऱ्या पानापर्यंत धाग्याचा 'टाटा विरुद्ध ह्युंदाई' होतो आणि मूळ प्रश्न वाहून जातो.

शोरूममध्ये मी इंजिन, डिकी, मागे बसल्यावर गुडघ्यांना जागा किती असलं सगळं बघत होतो. सेल्समनने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्या आठ वर्षांच्या कन्येला म्हणाला, "बेटा, जादू बघायची?" आणि छतातली काच सरकवायचं बटण दाबलं. संपला विषय. तिथून पुढे माझं मत कुणी विचारलं नाही. सनरूफवालं व्हेरिअंट सव्वा लाखाने महाग होतं.

मला एक जुनी खोड आहे. पेट्रोल भरलं की वहीत लिहायचं (वडिलांच्या स्कूटरपासून चालत आलेली). त्याच वहीच्या मागच्या पानावर, सनरूफ उघडलं की एक रेघ, असं ठरवलं. काल वर्ष झालं. एकूण ३१ रेघा.

त्यातल्या ११ पहिल्या पंधरवड्यातल्या, म्हणजे नातेवाईक, सोसायटीतले, वॉचमन, सगळ्यांना दाखवायला. ७ वेळा नुसतं 'चालतंय ना अजून' बघायला. ५ वेळा कन्येच्या मैत्रिणी गाडीत होत्या म्हणून. २ वेळा दिव्याचं बटण समजून चुकून. उरले ६. सव्वा लाख भागिले सहा, म्हणजे एका उघडण्याला २०,८३३ रुपये. (त्या सव्वा लाखात अलॉय चाकं आणि मागचा कॅमेराही होता, माहीत आहे. पण हिशोब असाच बरा दिसतो.)

मी एकटाच असा आहे का? सनरूफवाल्यांनी प्रामाणिकपणे आकडे द्या. बिनसनरूफवाल्यांनी जळून लिहिलं तरी चालेल.

मुद्दाम

माझ्या सत्तावीस वर्षं जुन्या गाडीला वायपरच्या वर गंजून छोटंसं सनरूफ आपोआप आलंय. खर्च शून्य. पावसाळ्यात वापर रोज.

ठेचाभाकर

काय राजेहो, पुण्यात बसून उन्हाच्या गोष्टी करून राहिले! या एकदा मे महिन्यात अकोल्याले. पारा ४५ च्या वर. दुपारी कोर्टासमोर दोन तास गाडी उभी होती. आत बसलो तं टाळूवर तवा ठेवल्यावानी वाटलं. काचेखालचा सरकता पडदा बंद होता बरं. पडद्याला हात लावून पाह्यला तं पडदाच गरम, रोटी भाजून निघाली असती.

आमचा आकडा घ्या: मार्च ते जून शून्य. जुलै ते सप्टेंबर पाऊस, शून्य. दिवाळीनंतर सकाळी शेगावला जाताना तीन-चार दा. बस.

बारानंबर_पाना

गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. म्हणून थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

ठेचाभाकर म्हणतात ते बरोबर आहे. पडदा उजेड अडवतो, उष्णता नाही. काच तापते, काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापते, मग पडदा तापतो आणि तो खाली तुमच्या टाळूकडे उष्णता फेकत बसतो. पत्र्याच्या छताला आतून जाड अस्तर असतं, काचेला ते नाही.

पण याच काचेचा एक उपयोग आहे आणि तो दहातल्या नऊ मालकांना कुणी सांगितलेला नसतो. उन्हात उभी गाडी सुरू केलीत की सनरूफ मागे सरकवू नका. त्याची मागची कड नुसती वर उचला (टिल्ट) आणि खिडक्या चार बोटं खाली घ्या. गरम हवा वर साचलेली असते, ती वरून निघते. गाडी चालायला लागली की छतावरून जाणारा वारा तिला ओढून बाहेर काढतो. दोन मिनिटं, मग सगळं बंद, मग एसी. असं केलंत तर एसीला निम्मी लढाई कमी. चौथागिअर, तुमच्या ३१ मध्ये हे एकदाही नाही, पैज लावतो.

आता जे कुणी विचारलेलं नाही ते. सनरूफ 'लीक' होतं म्हणून माझ्याकडे दर पावसाळ्यात गाड्या येतात. गिऱ्हाईक आधीच कुठून तरी रबर बदलून आलेलं असतं, पैसे घालवून. अहो, रबराचं काम सगळं पाणी अडवणं हे नाहीच. थोडं पाणी आत येणार हे धरूनच ते बनवलेलं असतं. काचेखाली चारी बाजूंनी पन्हळ असते आणि कोपऱ्यांतून बोटापेक्षा बारीक नळ्या खाली जातात. पुढच्या दोन काचेच्या कडेच्या खांबातून उतरून दरवाजाच्या बिजागरीच्या आसपास बाहेर निघतात, मागच्या दोन मागच्या खांबातून. आपल्या घरावरची पन्हळ आणि तिचा पाइप, तसंच. आणि पन्हळीत पालापाचोळा साचला की घरात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

नळी तुंबली की पाणी पन्हळीतून आतल्या बाजूला सांडतं. आधी छताच्या कापडावर चहाच्या डागासारखा डाग. मग दिव्यातून थेंब. पण जे दिसत नाही ते वाईट: खांबातून पाणी डॅशबोर्डखाली उतरतं, तिथे वायरिंगचे सॉकेट असतात. गेल्या जुलैत एक गाडी आली होती, तिचा हॉर्न आपोआप वाजायचा. मालकाने शांत केली होती म्हणे, नारळ फोडून. कार्पेट उचललं तर खाली पाणी. उजवी पुढची नळी गुलमोहराच्या पाकळ्यांनी गच्च.

उपाय फुकटात आहे. मे महिन्यात काच पूर्ण उघडा, पन्हळ ओल्या फडक्याने पुसा, पुढच्या कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळू ओता. त्याच बाजूच्या चाकाजवळ खाली ठिबकायला हवं. नाही ठिबकलं तर समजा. आणि पंक्चरवाल्याकडे जाऊन हवेचा पाइप लावू नका! प्रेशरने नळी आतल्या आत जोडातून सुटते, मग छत उतरवावं लागतं आणि माझं मुलीच्या लग्नाचं बजेट बसतं.

मुद्दाम

@बारानंबर_पाना, हॉर्न वाजणाऱ्या गाडीने नारळ फोडल्यावर किती दिवस आराम दिला?

बारानंबर_पाना

चार दिवस. मधे पाऊस उघडला होता.

जुनाबाजार

सेकंडहँड गाड्यांचा धंदा आहे, नगर रोडला. वापर वगैरे मला माहीत नाही, पण गिऱ्हाईकाचा फोन आला की दुसरा प्रश्न "सनरूफ आहे का?" असतो. पहिला "लास्ट किती?". तेव्हा चौथागिअर, तुमचे सव्वा लाख सगळे बुडाले नाहीत, थोडे परत येतील.

फॅशन कशी पसरली ते डोळ्यांनी पाहिलंय. आधी हे सगळं महागड्या गाड्यांत. २०१५ ला एक्सयूव्ही५०० ला आलं तेव्हा लोक नुसतं बघायला यायचे. २०१९ ला एमजीची हेक्टर आली मोठ्ठं पॅनोरॅमिक (जवळपास अख्ख्या छताला काच) घेऊन, २०२० ला क्रेटा, आणि मग दरवाजेच उघडले. मारुती इतकी वर्षं यापासून लांब होती, तिनेही २०२२ च्या ब्रेझाला दिलं. २०२३ ला एक्स्टरमध्ये तोंडाने हुकूम दिला की उघडायला लागलं. आता ३एक्सओसारख्या चार मीटरच्या आतल्या गाडीतही पॅनोरॅमिक मिळतं. सात-आठ लाखांचं गिऱ्हाईक आधी मायलेज विचारायचं हो. आता बायको-मुलं टेस्ट ड्राइव्हला येतात ती वर बघतच.

पाटीपेन्सिल

"बायको-मुलं वर बघतच" हे वाक्य नोंद करून ठेवलंय, काका. आमच्याकडे गाडी मी घेतली, मी चालवते आणि सनरूफ नवऱ्याला हवं होतं. 😄

माझी तक्रार वेगळी आहे. मला हवं होतं टायर प्रेशर दाखवणारं आणि मागचा वायपर. ते घ्यायचं तर सनरूफही घ्या, कारण तिन्ही एकाच व्हेरिअंटमध्ये. थाळीत गुलाबजाम नको म्हटलं तर "मॅडम, थाळीत येतो तो" म्हणतात ना, तसं. मग विक्रीचे आकडे बघून हेच म्हणणार, लोकांना सनरूफ हवंय. अहो, मला वायपर हवा होता!

शिवाय उंच माणसांचं काय? माझा भाऊ सहा फूट एक इंच. सनरूफच्या यंत्रणेसाठी छत आतून खाली येतं, त्याचे केस अस्तराला घासतात. खड्ड्यात टक्.

वडापटप

आम्ही कॉलेजला वडापच्या जीपच्या टपावर बसून गेलोय. कराड-पाटण रोड. ओपन टॉप, पूर्ण पॅनोरॅमिक, शिवाय कोंबड्या शेजारी. तिकीट अर्धं.

मागचीसीट

सगळे प्रतिसाद वाचले. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्टिअरिंगमागे बसणारे आहेत हे लगेच कळतं. ड्रायव्हरला सनरूफ दिसतच नाही! त्याने समोर बघायचं असतं. मग तो म्हणणारच, उपयोग काय.

मी मागे बसते. उजवीकडे सासूबाई, मध्ये मुलगा, डावीकडे मी. काळ्या सीट, काळं प्लास्टिक, पुढच्या सीटच्या मोठमोठ्या पाठी. जुन्या गाडीत मुलाला घाटात हमखास गाडी लागायची. आता पडदा सरकवला की उजेड येतो, तो वर बघत बसतो, ढग मोजतो. लागणं अगदी थांबलं नाही, पण पिशवी बाहेर काढायची वेळ क्वचित येते.

आणि एक सांगते. सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, मान डावीकडे वळत नाही. पुढची सीट मागे कलती करून त्यांना वाईला घेऊन जातो, तिथे त्यांची बहीण असते. सुरूर फाट्यावरून आत वळलं की वडाची जुनी झाडं लागतात, रस्त्यावर कमान करून. खिडकीतून त्यांना नुसती खोडं दिसायची, तीही एकाच बाजूची. पहिल्यांदा पडदा उघडून गेलो तेव्हा पारंब्या डोक्यावरून मागे जात होत्या आणि ते बोटाने मोजत होते. ते शाळेत होते तेव्हा त्या रस्त्याने सायकलवर जायचे. "ही झाडं तेव्हाही एवढीच होती," म्हणाले. बोलणं अजून नीट येत नाही त्यांना, एवढं वाक्य म्हणायला सुरूरपासून वाईपर्यंतचा अर्धा रस्ता गेला.

काच एकदाही उघडली नव्हती त्या दिवशी. म्हणजे चौथागिअरांच्या वहीत शून्य. तुमची वही चुकीची गोष्ट मोजतेय असं माझं स्पष्ट मत आहे. काच उघडली की रेघ मारता, पडदा सरकवला की?

चौथागिअर

@मागचीसीट, निरुत्तर. पडद्याची रेघ मारायचं डोक्यातच आलं नाही. कन्येला विचारतो.

@बारानंबर_पाना, पैज जिंकलात. टिल्टचं बटण वेगळं आहे हे आज कळलं. वर्षभर मी त्याला 'अर्धवट दाबलं गेलेलं' समजत होतो.

ठेचाभाकर

मागचीसीट ताई, वाचून बरं वाटलं. आमच्या आईले दाखवतो हा प्रतिसाद. ती म्हणते छताले भोक पाडून पैसे कायले द्यायचे.

स्टुटगार्टचामावळा

इकडून थोडं. जर्मनीत याला 'शीबेडाख' म्हणतात, सरकतं छप्पर. माझ्या घरमालकांकडे फोक्सवॅगनची जुनी गोल्फ आहे, तिला काच नाहीच, पत्र्याचंच छत सरकतं आणि तेही हाताने हँडल फिरवून. बाहेरून कुणाला कळतही नाही, म्हणजे दाखवण्यासाठी नव्हतंच ते. त्या काळी इथे साध्या गाड्यांना एसी नसायचा, उन्हाळ्याचे दोन महिने हाच एसी. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी इतका अंधार असतो की ऊन पडलं तर लोक खुर्ची बाहेर टाकून तोंड वर करून बसतात. अशा देशात छताला खिडकी पाडणं समजू शकतं. ते डिझाइन उचलून अकोल्यात ठेवलं की टाळूवर तवा होणारच.

गंमत म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांमुळे इथे आता न उघडणारं काचेचं छत वाढतंय, टेस्ला मॉडेल वाय वगैरे. खाली बॅटरी असल्यामुळे फरशी वर येते, वर सरकणारी यंत्रणा काढून टाकली की डोक्याला जागा परत मिळते. म्हणजे पाटीपेन्सिलच्या भावाचा प्रश्न सुटतो आणि बारानंबरांच्या नळ्याही जातात. भारतात मात्र न उघडणारं छत विकताना सेल्समन जादू कशी दाखवणार?

बारानंबर_पाना

माझ्या नळ्या जाऊ देऊ नका हो, लग्न डिसेंबरात आहे.

नियमातबसतं

एक मुद्दा कुणीच काढला नाही. मुलांना वर उभं करणं. गणपतीत, वरातीत, लोणावळ्याला पाऊस बघायला, दर वीकेंडला दिसतं. चालत्या गाडीतून धड बाहेर काढून उभी पोरं आणि खाली आई-वडील व्हिडिओ घेतायत. ब्रेक लागला तर ते पोर काचेच्या कडेवर पोटावर आपटेल, नाहीतर सरळ बाहेर.

पोलीस यावर धोकादायक वाहन चालवण्याचं कलम १८४ लावू शकतात, पहिल्या वेळेला एक ते पाच हजार दंड. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय असेल तर १९४ब खाली आणखी हजार. पण दंडाचं सोडा. संक्रांतीच्या आसपास तर गळ्याच्या उंचीला मांजा असतो. नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत दुचाकीवाल्यांचे गळे कापल्याच्या बातम्या येतातच. सनरूफमधून बाहेर आलेली मान त्याहून वर असते.

वडापटप

मान्य. टपावरच्या गमतीत माझा एक वर्गमित्र गेला. ते वर लिहिलं नव्हतं.

पाटीपेन्सिल

...

आणि ताम्हिणी घाटात ऑक्टोबर २०२५ ला झालं ते आठवतंय ना? दरडीचा दगड सनरूफ फोडून आत आला आणि पुढे बसलेल्या बाई गेल्या. त्यानंतर आमच्या ग्रुपवर आठवडाभर 'सनरूफ घेऊ नका' चालू होतं.

बारानंबर_पाना

वाईटच झालं ते. पण खरं सांगतो, डोंगरावरून येणारा मोठा दगड पत्र्यालाही विचारत नाही. मी असे पत्रे सरळ केलेत, त्यातले काही सीटला टेकलेले होते. लहान दगडाला पत्रा वाकतो, काच फुटते, तेवढा फरक नक्की आहे. पावसाळ्यात घाटात डोंगराच्या बाजूला गाडी उभी करून भजी खाणं बंद करा, हे जास्त कामाचं.

सड्यावरचा

रत्नागिरी. आमच्याकडे वेगळाच त्रास. घराच्या दारात माड. माडाखाली सनरूफची गाडी लावायची हिंमत नाही आणि माड नाही अशी सावली नाही. शेवटी वडिलांनी काचेवर जुनी गोधडी टाकायला सुरुवात केली, वर सुतळीने बांधून. एवढी महाग गाडी, आजारी माणसासारखी दिसते. पण पावसात ताडपत्रीही टाकतात, त्यामुळे नळ्या स्वच्छ!

प्रवासात म्हणाल तर पहाटे साडेपाचला आंबा घाट उतरताना उघडतो, एसी बंद करून. धुकं आत येतं. वर्षातून चारदा. तेवढ्यासाठी पुन्हा घेईन का? घेईन. बायकोला सांगू नका.

बाकी ८० च्या पुढे उघडं ठेवलं की कानात धबधबधब होतं, त्याला मागची एक खिडकी दोन बोटं खाली केली की थांबतं. कुणाला उपयोग झाला तर.

मुद्दाम

थोडक्यात, सहा वेळा उघडणारे, चार वेळा उघडणारे आणि गोधडी बांधणारे, तिघेही परत घेणार. धागा काढायचं कारण काय होतं?

चौथागिअर

अपडेट देतो.

१) कन्येला विचारलं. पडदा म्हणे रोज उघडते, शाळेत जाताना आणि येतानाही. "मला वाटलं तुम्हाला माहितीये, बाबा." नाही, माहीत नव्हतं. मी समोर बघत होतो. आता वहीत तिने स्वतःचं पान केलंय, चार दिवसांत ९ रेघा, एक रेघ रात्री पार्किंगमध्ये गाडी बंद असताना मारलेली आहे. विमान जात होतं म्हणून.

२) रविवारी अर्धा कप पाणी ओतलं. डावीकडे खाली लगेच ठिबकलं. उजवीकडे काहीच नाही, पन्हळीत पाणी तसंच तुंबून उभं. पेचकसाला फडकं गुंडाळून कोपरा साफ केला तर वाळलेली बकुळीची फुलं निघाली, मूठभर. वास अजून येत होता. बायकोने ती धुऊन ताटलीत ठेवलीत. पण पाणी अजून नीट जात नाही, नळीच्या आतही असणार. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घातली तर चालेल का?

बारानंबर_पाना

चालेल, पण टोक मेणबत्तीवर धरून गोल करा, नाहीतर नळी आतून चिरेल. हळू घाला, अडकलं तर ढकलू नका, फिरवा. आणि गाडी बकुळीखाली लावणं सोडा.

चौथागिअर

सोसायटीच्या पार्किंगच्या चिठ्ठ्यांत आम्हाला बकुळीखालचीच जागा निघालीये. तीन वर्षांसाठी.